जोडीतलं एकेक

(प्राण्यांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. टेबलावर एक पिंजरा. डॉक्टर ही दादाची धाकटी बहीण.)

दादा : खात नाही, अंगावरचे केस उपटतो, दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो.

डॉक्टर : आणि ससा?

दादा : सशाचंच सांगतोय.

डॉक्टर : बटणाच्या लेंड्या?

दादा : कालपासून जवळजवळ नाहीतच.

डॉक्टर : मग खेळ नाही हा, दादा. सशाचं पोट थांबलं की ससा हातचा जातो. इंजेक्शन दिलंय, पण दात बघितले, पोट बघितलं, कुठे काही नाही. वहिनी, ये आत.

दादा : हिला कशाला बोलावलंस?

वहिनी : तुझ्यासाठी नाही आले. माझा ससा, कापूस, तोही खात नाहीये. आणि मला वहिनी म्हणू नकोस गं, सह्या झाल्यात आमच्या.

डॉक्टर : बरं, वहिनी. पिंजरा ठेव टेबलावर. वाटणी कशी केली होतीत तुम्ही?

दादा : रीतसर. कटकट नको म्हणून जोडीतलं एकेक. एक उशी तिला, एक मला.

वहिनी : पडदेही तसेच. माझी अर्धी खिडकी उघडीच असते.

दादा : माझीपण.

डॉक्टर : कात्रीचं एकेक पातं नाही घेतलंत, नशीब.

वहिनी : कात्री याच्याकडे गेली. माझ्याकडे सुईदोरा.

डॉक्टर : धन्य आहात. अगं, ससे म्हणजे उशा का? एका वेतातले भाऊ हे. जन्मापासून एकमेकांना चाटत, चिकटून झोपलेले. एकटा पडला की सशाला वाटतं, आता पाठ राखायला कुणी नाही. झोप लागत नाही, जीव धास्तावतो, मग पोटही बंद. सोडते दोघांना एकत्र.

दादा : भांडले तर?

डॉक्टर : टेबल माझं आहे. हक्क सांगायला इथे कुणाचंच काही नाही.

वहिनी : तुझ्या बटणानं पाठ फिरवली बघ.

दादा : रुसलाय.

वहिनी : रुसायला काय झालं? कापूस आपणहून गेलाय ना त्याच्याजवळ!

दादा : थांब. मान खाली घातली त्यानं.

डॉक्टर : चाट म्हणतोय. हं... चाटलं. आता तुम्ही दोघं श्वास घ्या. गवत पुढे सरकव, दादा.

दादा : खातोय गं. खातोय!

डॉक्टर : आता राहणार कुणाकडे? आठवडा इथे, आठवडा तिथे, असलं चालायचं नाही. सारखं घर बदललं की पुन्हा हेच.

वहिनी : याच्याकडे.

दादा : तू ने. मी दिवसभर बाहेर असतो.

वहिनी : खोटं बोलतोय. घरूनच काम करतो हा. बाहेर मी असते. ने म्हटलं ना.

दादा : आणि तुझं काय?

वहिनी : माझं काय व्हायचंय? रिकामा पिंजरा घेऊन जाईन.

दादा : तो नको नेऊस.

वहिनी : का? पिंजऱ्यानं काय घोडं मारलंय?

दादा : समोर दिसत राहतं. तू बसायचीस ती खुर्ची आली ना माझ्या वाटणीला. समोर असली की घास उतरत नाही मला. शेवटी गॅलरीत नेऊन ठेवली.

वहिनी : उघड्यावर?

दादा : हो.

वहिनी : पावसानं खराब होईल ती. आत घे.