बड्या दिवसाची पऱ्हाटी

नाताळ, म्हणजे बडा दिवस, दोन दिवसांवर होता. कापूस घेणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या ओसरीवर, अमरावतीत, गयासुद्दीन आडत्या कापसाचा भाव ठरवून घ्यायला ताटकळला होता. शेजारी शेतकरी खुशालराव आणि त्याची बायको रुख्मिणी बसले होते. मध्ये मातीनं भरलेल्या टोपलीत कापसाचं अख्खं झाड.

“साहेबाच्या पोरीनं बड्या दिवसाले देवदार मांगतला, अन् तू पऱ्हाटी घेऊन आली वं?” खुशालरावानं बायकोला विचारलं.

“देवदार वऱ्हाडात कुठी हाय जी? तिची आयाबाई सांगे, विलायतेत थे पोरगी दरसाल बापासंगं झाड निवडे, सजवे. औंदा झाड नाही म्हून रडून राहिली.”

“साहेब हाकलून देईन आपल्याले.”

“हाकलू द्या. कापूस येचणीच्या आंधी आपन एक पऱ्हाटी निवडून पुजतो ना? हे थेच झाड हाय.”

“तिले झाडावर बर्फ पायजे म्हन्ते.”

“मंग हे बोंडं काय हायत?”

दार उघडलं. पोरगी झाडाभोवती दोनदा फिरली आणि केसांतली लाल फीत सोडून तिनं फांदीला बांधली. मागून साहेब आला. भाव ठरवायच्या सवयीनं बोंड चिमटीत धरून धागा किती लांब ते पाहू लागला.

“पापा, हाथ मत लगाना!” पोरगी आयाबाईकडून शिकलेल्या हिंदुस्थानीत ओरडली.

साहेबानं हात मागं घेतला. त्या साली वऱ्हाडात साहेबानं भाव न ठरवलेला कापूस एवढाच असावा, असं गयासुद्दीनला वाटलं.