पाहुण्यांसाठी राखीव

नाही, मी म्हणतो, बसायचंच नसेल तर सोफा आणायचा कशाला? बरं, आणला तर आणला, त्यावरचं प्लास्टिक तरी काढाल की नाही? मे महिन्यात आमच्या बकुळाताईकडे त्या सोफ्यावर जरा टेकून बघा... उठताना असा चर्रर्र आवाज होतो की आपण उठलो की आपली कातडी उठली, तेच कळत नाही! आणि प्लास्टिक काढा म्हटलं की आमचे भाऊजी, ताईचे यजमान श्यामकांतराव, डोळे मोठ्ठे करून म्हणतात, "अरे वा! आणि पाहुणे आले म्हणजे?" अहो, मग मी कोण? तर मी मेहुणा, वरच्या मजल्यावर राहणारा, मी कसला पाहुणा! शोकेसमधल्या सोनेरी काठाच्या कपबशा? पाहुणे आले म्हणजे. नवी चादर? पाहुणे आले म्हणजे. आम्ही आपले कान तुटलेल्या कपातून चहा पितो आणि पाहुणे काही येत नाहीत! बदलापूरच्या या मांजर्लीला कोण येतंय हो? पावसाळ्यात नदीचं पाणी येतं, तेही न कळवता.

घरापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण तुम्हाला सांगतो, हा माणूस शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झाला! आमची किर्ती, म्हणजे भाऊजींची मुलगी, सहावीत आहे, तिची शाळा. समिती पालकांची असते, मुख्याध्यापिका कुमुदिनीबाई सचिव, आणि अध्यक्ष पालकांतलाच लागतो. कोण होणार म्हटल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. भाऊजींची अंबरनाथच्या एमआयडीसीत पहिली पाळी, चारच्या आत घरी, म्हणजे मोकळा माणूस. आणि आपल्याकडे मोकळा असणं हीच पात्रता! झाले अध्यक्ष.

मग कल्याणला अध्यक्षांचं प्रशिक्षण झालं. तिथल्या मॅडम चांगलं बोलल्या म्हणे. "समितीने रोज शाळेत येऊन खडू मोजू नयेत. समितीने धोरण ठरवावं. धोरण लेखी असावं, सोपं असावं, सगळ्यांना सारखं असावं..." भाऊजींनी सगळं टिपून घेतलं. शेवटचा मुद्दा राहिला, तेवढ्यात मागे जेवणाची भांडी वाजली आणि गुलाबजामची रांग वाढायला लागली. आता तुम्हीच सांगा, माणूस मुद्द्याकडे बघेल की रांगेकडे? पण त्या दिवसापासून घरात एकच शब्द. भाजीत मीठ कमी, "धोरण पाहिजे!" गॅलरीत कबुतरं आली, "धोरण पाहिजे!" कबुतरांना हो, धोरण!

आणि नेमकं त्याच सुमाराला शाळेत मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधून झालं. काय सांगू तुम्हाला! गुलाबी टाइल्स, बेसिन, आरसा, नळाला पाणी... माझ्या घरात नाही असं! उद्घाटनाला फीत कापली, दारात नारळ फोडला. नारळ फोडला खरा, पण ते खोबरं कोणी हातात घेईना! शेवटी भाऊजींनीच अध्यक्ष म्हणून एक तुकडा खाल्ला. आत जाऊन त्यांनी टाइल्सवरून हात फिरवला, आरशात भांग नीट केला, बाहेर आले आणि म्हणाले, "एवढं सुंदर झालंय... पोरं आठवड्यात वाट लावतील. धोरण पाहिजे."

झाली बैठक! धोरण काय? तर स्वच्छतागृहाला कुलूप, आणि चावी समितीच्या ताब्यात. तपासणीला कोणी आलं की उघडायचं. द्रौपदीबाई म्हणून एक पालक सदस्य आहेत, त्या अर्धवट उठून म्हणाल्या, "अवो, पन पोरी कुटं जातील?" भाऊजी म्हणाले, "मागे जुनं आहे ना! आणि हे घाण झाल्यावर पाहुणे आले म्हणजे? काय दाखवायचं?" कुमुदिनीबाईंनी जोरजोरात मान हलवली, कारण शाळेला सफाईला माणूसच नाही. तेवढ्यात चहा आला. सूचक श्यामकांत, अनुमोदक रघु, ठराव सर्वानुमते मंजूर! द्रौपदीबाईंच्या हातात कप होता, त्यांचं तेवढंच बोलायचं राहून गेलं.

हा रघु म्हणजे समितीतलाच आणखी एक नमुना. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात त्याचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना, सगळा बाजार सिंधी-हिंदी बोलणारा, हाही तसाच. म्हणाला, "साईं, चाबी अपने पास रहेगी, टेन्शन नाय लेने का!" आणि ती चावी त्याने कारखान्याच्या जुडग्यात अडकवली. म्हणजे कुलूप बदलापूरला आणि चावी रोज सकाळी उल्हासनगरला कामाला!

आता किर्तीचं ऐका. एकदा जेवताना पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, चावी मिळेल का हो कधीतरी?" भाऊजींनी घास खाली ठेवला. "अध्यक्षाच्या मुलीला सवलत? अजिबात नाही! धोरण सगळ्यांना सारखं!" आणि हे त्यांनी बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला सांगितलं हो, छाती फुगवून! लोकही म्हणाले, वा, तत्त्वाचा माणूस. मीही म्हणालो. खोटं कशाला बोलू?

लेकीचं कौतुक तर विचारू नका. शाळा सुटायच्या वेळेला भाऊजी दारात उभे. किर्ती कोपऱ्यावरून जी धावत सुटायची... दप्तर पाठीवर उडतंय, वेण्या सुटल्यात! भाऊजी दोन्ही हात पसरून, "आली बघ माझी बाय! बापाशिवाय करमत नाही तिला!" आणि ती त्यांच्या हाताखालून सुळ्ळकन आत, चप्पलसुद्धा न काढता थेट मोरीत! आम्ही हसायचो. रोज हसायचो. पाण्याची बाटली सकाळी भरून न्यायची आणि संध्याकाळी भरलेलीच आणायची. भाऊजी म्हणायचे, "पाण्याची किंमत कळते पोरीला," आणि ताई ते पाणी तुळशीला घालायची. मध्ये तिला लघवीला जळजळ व्हायला लागली, ताप आला. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पिते ही. भाऊजींनी तिलाच झापलं, "पाणी प्यायचं कळत नाही का एवढी मोठी झालीस तरी?" तिने बापाकडे नुसतं बघितलं. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही. आणखी एक, सतराचा पाढा! अख्ख्या शाळेत किर्तीइतका खणखणीत सतराचा पाढा कोणाचा नाही. भाऊजी तो सगळ्यांना म्हणून दाखवायला लावायचे.

आणि एक दिवस... पाहुणे आले!

खरंच आले हो! शाळा बघायला, कल्याणहून, त्याच प्रशिक्षणवाल्या मॅडम. भाऊजींनी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि माझ्याकडे मोबाइल दिला, म्हणाले, "शूटिंग कर." म्हणून मी तिथे होतो, नाहीतर या डोळ्यांनी कशाला बघावं लागलं असतं! मॅडम खड्ड्यांतून आदळत आलेल्या. आल्या आल्या त्यांना शहाळं दिलं. स्वागतगीत झालं. आणखी एक शहाळं. मग भाऊजींचं भाषण, "आमच्या शाळेत धोरण म्हणजे धोरण..." मॅडम खुर्चीत सारख्या चुळबुळ करतायत. शेवटी त्यांनी कुमुदिनीबाईंच्या कानात काहीतरी विचारलं, बाईंनी भाऊजींकडे बघितलं, आणि भाऊजींचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! एवढे महिने ज्यासाठी राखलं, तो क्षण आला! "या ना मॅडम, या!" पुढे भाऊजी, मागे मॅडम, त्यांच्या मागे समिती, मी शूटिंग करतोय... वरात निघाली ती थेट त्या दारापर्यंत.

दाराला कुलूप!

भाऊजींनी रघुला फोन लावला. पलीकडे शिलाई मशिनींचा घर्रर्र आवाज. "बोलो साईं! चाबी? चाबी तो इधरच है ना, कॅम्पात! आत्ता निघतो, रिक्षा पकडतो..." मॅडम म्हणाल्या, "ते राहू द्या. मुली जातात तिथे जाते मी." भाऊजी म्हणाले, "नको मॅडम, ते जुनं आहे..." आणि जीभ चावली. पण मॅडम निघाल्या पण! मागे भिंतीला लागून ते जुनं, दार एका बिजागरीवर लोंबकळतंय, कडी नाही, पाणी नाही. मॅडम दाराशी थबकल्या.

आणि मुलींच्या घोळक्यातून आमची किर्ती पुढे आली. अगदी शहाण्यासारखी. "मॅडम, तुम्ही जा आत. मी बाहेरून दार धरते. आणि पाढा म्हणते मोठ्याने, म्हणजे आत मुलगी आहे हे मुलांना कळतं, कोणी येत नाही. फक्त सतराचा संपेपर्यंत उरकायचं हं. आम्ही अगदीच राहवलं नाही तर येतो... नाहीतर पाणीच पीत नाही, घरी जाऊनच जातो."

आणि तिने पाठमोरं उभं राहून दोन्ही हातांनी दार धरलं आणि सुरू केलं. "सतरा एके सतरा! सतरा दुणे चौतीस! सतरा त्रिक एक्कावन्न!"

मी मोबाइल खाली घेतला. भाऊजींकडे बघवेना. तो माणूस त्या पाढ्याच्या एकेका ओळीला खचत होता हो. पोरगी धावत का यायची, बाटली भरलेली का यायची, ताप कशाने आला... सगळं त्यांना तिथेच, लेकीच्या तोंडून, सगळ्यांसमोर कळत होतं. लाज म्हणजे काय असते, ती मी त्या दिवशी बघितली. आणि मी तरी काय मोठा? मामा असून रोज हसत होतो!

मॅडम बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! हळू आवाजात म्हणाल्या, "अध्यक्ष, धोरण ज्यांच्यासाठी करायचं त्यांना आधी विचारायचं, हा शेवटचा मुद्दा मी सांगितला होता. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "गुलाबजामच्या रांगेत."

कोणी हसलं नाही. चांगल्या पाऊण तासाने रघु धापा टाकत, जुडगा खुळखुळवत आला, "आलो साईं, आलो! किधर है पाहुणे?" भाऊजींनी चावी घेतली, कुलूप उघडलं. आत सगळं चकाचक, टाइलवर पाण्याचा थेंब नाही. द्रौपदीबाईंनी आत जाऊन दार लोटलं, आणि ते आपोआप उघडलं. आतून कडीच नव्हती! बाहेरून एवढं मोठं कुलूप आणि आतून कडी बसवायचं एकालाही सुचलं नव्हतं. कारण आत कोणी जाईल, असं समितीला कधी वाटलंच नव्हतं!

पुढच्या बैठकीत भाऊजींनी मुलींना खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. विचारलं, काय पाहिजे? मुली लाजत लाजत म्हणाल्या, कडी. बादली. कचऱ्याचा डबा. बस्स, एवढंच हो! झाडायला-पुसायला बाई लावायचं ठरलं. या वेळी चहा आला तेव्हा भाऊजी म्हणाले, "थांबा. द्रौपदीबाईंचं बोलणं राहिलंय."

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सोफ्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. ताई घाबरून म्हणाली, "अहो, पाहुणे आले म्हणजे?" म्हणाले, "येऊन गेले."

आता किर्ती रिकामी बाटली घेऊन येते. आणि येते कशी? रमतगमत! कोपऱ्यावर मैत्रिणीशी गप्पा मारते, चिंचा खाते, कसली म्हणून घाई नाही. भाऊजी मात्र अजून दारातच. काल मी म्हटलं, "भाऊजी, आता कशाला उभे राहता? ती काही धावत येत नाही." तर म्हणाले, "माहितीये रे. पण आता कधी धावत आली ना, तर माझ्यासाठीच येईल."

तुम्हाला सांगतो... अजून तरी चालतच येते.