राखी हातमोज्यांची बाई

तोंड हलवू नका, मास्तर — तुमचे ओठच रंगवतेय आत्ता. बोलायचं ते मी बोलते, आज गप्प बसायची पाळी तुमची. हे चित्र शाळेच्या दालनात लागणार, ठाऊक आहे ना? नवी पोरं त्याची नक्कल करून चेहरा शिकणार — तुम्ही आम्हाला शिकवलंत तसंच. ओळंबा धरा, डोळ्यानं मापा, अक्कल घरी ठेवून या. मी यायचे ठेवून. सात महिने गॅलरीत उभी राहून त्या राखी रंगाच्या हातमोज्यांच्या बाईच्या चित्राची नक्कल केली, बापाच्या हातगाडीवरचा, उकडलेली आतडी भरलेला पाव खाऊन. नक्कल मूळ चित्राच्या मापाची चालत नाही, कुणी खरी म्हणून खपवेल, हे फ्लोरेन्समध्ये कुणाला माहीत नाही? मला नव्हतं. एकोणीस वर्षांची होते, कॅनव्हास तुम्ही ताणून दिलात — गुरूनं दिलेलं कोण मोजून बघतं? पहारेकऱ्यानं मोजलं. शेवटच्या आठवड्यात. मूळ चित्राशी बोटभराचाही फरक नाही — नक्कल करायचा परवाना गेला, सगळ्यांदेखत खोटी चित्रं विकणारी ठरले मी, आणि तुम्ही मागं उभे, टोपी हातात धरून. एक शब्द काढला नाहीत. गॅलरीतली माझी जागा तुमच्या भाच्याला, तुल्लियोला — त्याला धड कान काढता येत नव्हता.

हनुवटी जरा खाली. हां.

एकतीस वर्षं तुमचं तोंड मनात रंगवतेय मी — असं वाकडं, असं लबाड. चौकात पर्यटकांचे चेहरे काढत काढत इथं शिकवायला लागले, आणि शाळेनं हे काम दिलं तेव्हा घरात एकटी नाचले — म्हटलं, सापडलात. पण हात मेला तुम्हीच घडवलेला, दिसतं तेच काढतो. आणि लबाडी दिसतच नाहीये कुठं, काय करू? म्हणून एकदाच विचारते — माप चुकलं होतं, की मुद्दाम दिलंत? बोला. आता ओठ हलवले तरी चालेल.

काय? ‘कोण मुलगी’ म्हणता?

इल्दा, मास्तर. आतडीवाल्या नेल्लोची इल्दा — नाही आठवत? हातमोज्यांची बाई? तीही नाही. तुल्लियो मात्र आठवतो. तो बरा आठवतो हो.

नाही, वळू नका, असेच बघा माझ्याकडे — हेच काढते आता, तुमच्या डोळ्यांत जे उरलेलं नाही ते. पोरं विचारतील, बाई, इथं काय रंगवायचं, इथं तर कुणीच नाही. मी सांगेन त्यांना काय झालं ते, तुमच्या नावासकट, दर वर्षी, प्रत्येक नव्या वर्गाला. तुम्ही विसरलात तर विसरा.

झालं. उठा. कोट खुंटीवर आहे.