फोईनं ठेवलेलं नाव

राजकोटच्या बसथांब्यावर दक्षाबेनच्या पुढं एक फोई, म्हणजे आत्या, आणि तिची भाची उभी होती. फोईच्या एका हातात भाचीचा मोबाइल होता, दुसऱ्या हातात भाचीचीच पिशवी. दक्षाबेननं कान टवकारले.

"धर्मिष्ठा, तुझ्या मेहंदीच्या पेजवर ही 'मायरा' कोण गं?"

"मीच, फोई. फोटो बघ ना."

"पाळण्यात तुझं नाव मी ठेवलं होतं. चार बायकांसमोर!"

"छोटं नाव गिऱ्हाइकांच्या लक्षात राहतं. मावशीनं सुचवलं."

"आणि फोटोतली बांधणी?"

"मावशीचीच. खुलते ना?"

"माझी पडली असेल पेटीत."

"फोई..."

"बरं, मला फॉलो करून दे. पहिली मी."

"पहिली मावशी झाली."

"मग दुसरी?"

"मावशीची सून."

"बस आली. ही घे तुझी पिशवी. मायराला सांग उचलायला."