माळकऱ्याच्या हातची डायकिरी

थांबवा हो टाळ! मागच्या रांगेतल्या ताईंनो, आंब्याच्या डाळीची कृती नंतर! मळाईदेवीच्या चैत्र उत्सवात उभा आहे, आणि एक प्रश्न घेऊन उभा आहे. मंडळी, सांगा — कामाला सोवळं कुठून येतं? वस्तूवरून, की हातावरून?

पूजेचं ताट धरलं की हात पवित्र, आणि दारूचा पेला धरला की विटाळ! असंच ना? काय हो पाटणकर अण्णा, देवस्थानचे अध्यक्ष तुम्ही, बोला! बघा, नुसती मान हलवली. हो पण नाही अन् नाही पण नाही! तीस वर्षं अध्यक्ष आहेत ते काय उगाच?

तर ऐका! आजचं आख्यान बारमधलं आहे. — अहो काकू, उठता कुठे? बसा! मी थेंब घेतलेला नाही, घेणार नाही, तुम्हाला घ्या म्हणणार नाही. आणि ते चौघे खांबाशी बघा कसे सरसावून बसले! बाबांनो, तुमच्याही हाती काही लागायचं नाही.

वेंगुर्ल्याकडचे जिवाजी केळुसकर. माझ्याच गावचे! गळ्यात तुळशीची माळ. मासळी सोडलेली — कोकणातल्या माणसाने मासळी सोडली, म्हणजे विचार करा! आणि नोकरी? पुण्यात, कॅम्पातल्या एका जुन्या हॉटेलात, बारच्या काउंटरमागे. बावीस वर्षं! पेले भरायचे, पण थेंब ओठाला लावायचा नाही.

यांच्या घरी सत्यनारायण होता. मला कीर्तनाला बोलावलं. आणि मी काय म्हणालो? ‘‘बारवाल्याकडे? छे!’’ हो, मीच म्हणालो! हे तोंड हरिनाम घेतं, त्याच तोंडाने म्हणालो. लाज वाटते आज.

आता दुसरा माणूस. वर्टीसाहेब. बोटीवरचे इंजिनिअर, जग फिरलेले. तरुणपणी क्यूबाच्या बंदरात त्यांनी एक पेय घेतलं, नाव डायकिरी. काय असतं त्यात? तीनच वस्तू! रम, लिंबू, साखर. बर्फावर हलवायचं आणि गाळायचं. बस्स! तीन वस्तू म्हणजे सोपं वाटतं ना? अहो, वरणभातही सोपाच! पण लपायला जागा नसते. वरण बिघडलं की कोथिंबीर भुरभुरून भागत नाही!

साहेब निवृत्त झाले आणि शोधाला लागले. मुंबई पाहिली, गोवा पाहिला. एके ठिकाणी पेल्यात कागदी छत्री! एके ठिकाणी पोरगा विचारतो, ‘‘सर, स्ट्रॉबेरी की मँगो?’’ एके ठिकाणी तर गार, हिरवं, बाटलीतलं औषध! साहेब म्हणायचे, ‘‘अरे, या एवढ्या देशात लिंबू पिळणारा कोणी राहिलाच नाही का?’’

आणि एका दुपारी ते आले कॅम्पात, केळुसकरांच्या काउंटरवर. ‘‘डायकिरी मिळेल?’’

केळुसकरांनी एक लिंबू चिरलं, रसाचं बोट जिभेला लावलं, डोळे मिटले. म्हणाले, ‘‘साहेब, दहा मिनिटं थांबाल?’’

‘‘का हो?’’

‘‘कालच्यापेक्षा लिंबू जास्त आंबट आहे. उन्हाळ्याचं आहे ना! कालचा पाक आज चालायचा नाही.’’

साहेब म्हणाले, ‘‘तासभर थांबतो!’’

पण मंडळी, घोटाळा होता! त्याच सकाळी मालकांचे चिरंजीव हर्षवर्धनशेठ यांनी फर्मान काढलं होतं. लिंबं बंद! तयार आंबटगोड मिश्रणाच्या बाटल्या आल्यात, त्याच ओतायच्या. लिंबू पिळेल त्याने घरी जावं! केळुसकरांना हे ठाऊक होतं. घरी धाकट्या मुलीचं शिक्षण अर्धं बाकी. तरी सुरी उचलली. बोला, कशासाठी?

शेठ आलेच धावत. ‘‘केळुसकर! सकाळी काय सांगितलं?’’

केळुसकरांनी एप्रन सोडला. घडी घातली, काउंटरवर ठेवला. ‘‘जातो, शेठ. पण साहेबांची ऑर्डर मी घेतलीय. तेवढी पुरी करून जातो.’’

शेठ हसले. ‘‘ऐका साहेब, हा गृहस्थ जन्मात प्यायलेला नाही! याला काय कळणार चव?’’

साहेब दचकले. ‘‘खरं?’’

केळुसकर म्हणाले, ‘‘खरं आहे, साहेब. पण लिंबू चाखतो, पाक चाखतो, दोन्ही मिळून सरबत चाखतो. माझ्या व्रतात जेवढं बसतं तेवढं सगळं चाखतो. पुढची रम मापाने. आणि बर्फ कानाने!’’

मग हलवायला घेतलं. आधी खडखड, खडखड! मग तो आवाज मऊ होतो, भांड्याला बाहेरून पांढरं दव धरतं, बोटं चिकटायला लागतात. तिथेच थांबायचं! गाळलं. पेला पुढे केला.

साहेबांनी घोट घेतला... दुसरा घोट घेतला. डोळे पुसले! मग म्हणाले, ‘‘शेठ, आता तुमच्या बाटलीतली करा.’’ तीही आली. दोन्ही पेले साहेबांनी शेठजींपुढे सरकवले. ‘‘तुम्ही घेता ना?’’

‘‘घेतो की!’’

‘‘मग ही बाटली आणण्याआधी चाखली होती?’’

अहो, शेठनी चाखलीच नव्हती! जाहिरात पाहिली आणि मागवली! पाहा मंडळी गंमत — न पिणाऱ्याने बावीस वर्षं रोज लिंबू चाखलं, आणि पिणाऱ्या मालकाने आपल्या गिऱ्हाइकाला काय पाजतो ते एकदाही चाखलं नाही!

शेठजींनी आता चाखलं. आधी बाटलीतलं, मग केळुसकरांचं. कानापर्यंत लाल झाले. पण माणूस सच्चा! घडी घातलेला एप्रन दोन्ही हातांनी उचलला. ‘‘बांधा, केळुसकर. आणि उद्या सकाळी मंडईत मलाही घेऊन चला. लिंबू कसं निवडतात ते शिकवा.’’

हे मला वर्टीसाहेबांनी स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेलो केळुसकरांच्या दारी, न बोलावता! म्हटलं, ‘‘चुकलो. सरबत द्याल?’’ म्हणाले, ‘‘बुवानू, दहा मिनटां बसा.’’ मलाही थांबवलं हो! लिंबू चिरलं, चाखलं, पाक केला. मंडळी, तसं सरबत मी पुन्हा प्यायलो नाही. हा माझ्या गावचा माणूस! छाती ताठ करून सांगतो, माझ्या गावचा!

आता उत्तर मिळालं ना? सोवळं हातात असतं! वाजवा टाळ्या! वाजवल्या? छान. आता थांबा.

मघाशी पाय धुवायला देवळामागे गेलो होतो. विहिरीजवळ कागदी लिंबाचं झाड आहे, देवीचं. काय लगडलंय! खाली सडा पडलाय, पाय ठेवायला जागा नाही. आणि त्या सड्यात काय सापडलं माहीत आहे? रिकाम्या पुड्या! सरबताच्या तयार पावडरीच्या! मंडपात नैवेद्याच्या सरबताचा तो मोठा हंडा भरलाय ना, त्याच्या! बारमध्ये एका अनोळखी माणसासाठी नोकरी पणाला लावून लिंबू पिळलं जातं, आणि आईच्या दारात, आईच्या झाडाखाली बसून आपण पुड्या फोडतो!

काय म्हणता अण्णा? देवीचा नैवेद्य चाखायचा नसतो? कबूल! चाखू नका. पण पिळा तरी!

आरती थांबवा. टोपल्या काढा, सुऱ्या काढा. खांबाजवळच्या चौघांनो, तुम्ही लिंबं वेचा. काकू, पाकाचं तुमच्याकडे. आणि अण्णा, पहिलं लिंबू तुम्ही चिरायचं. आई एवढी वर्षं थांबलीय, अजून दहा मिनिटं थांबेल.