सात पाटे आणि मालकाची बैठक

मी भिका लोहार. गाव मन्हं रनाळं, पण भट्टी शहाद्यात. बाप लोहार, आजा लोहार, बैलगाडीच्या चाकाले लोखंडी धाव चढवता चढवता तिघांची हाडं काळी झाली, आणि काय सांगू तुम्हाले, बापानं मले हातोड्याच्या आधी संशय शिकवला. म्हणायचा, गिऱ्हाइकाचं लोखंड घेताना त्याच्यासमोर मोज, देताना बी मोज, लोहाराचं नाव काळं करायले कोळसा लागत नाही. आता तुम्ही लिहू ऱ्हायले ना, ते मले नंतर वाचून दाखवा. तुमच्यावर राग नाही, सवय शे मन्ही.

तर ब्राह्मणपुरीचे गुजर पाटील, आबा म्हणायचे सगळे त्यांले, त्यांनी लढाईच्या सालात जुनी मोटार घेतली. ती उजवीकडं मागून दोन बोटं बसायची. डायवर छगन, सुरतेकडचा माणूस, तो घेऊन आला. मी म्हटलं, कमान मेलीय हिची. कमान म्हणजे चाकावरचे एकावर एक सात पाटे. ते पोलाद इतकं चांगलं की त्याचा इळा केला तर नातू बी वापरतो, म्हणून लोहाराच्या हाती कमान दिली की मालकाचे डोळे लोहाराच्या हातावर. मी छगनसमोर पाटे मोजले, प्रत्येकावर छिन्नीनं ठिपका मारला. तरी मन्हं लक्ष त्याच्यावर. चार दिवस तो आमच्याच घरी जेवला, मन्ही बायको त्याले भाकर वाढायची आणि मी मनात म्हणायचो, हा एवढा गोड का बोलतो?

पाटे तापवले, बाक दिला, तेलात विझवले. मग अंगणात पाण्याची थाळी ठेवून जागा सपाट पाहिली, मोटार तिथं उभी केली आणि चारी चाकांवर बांबूच्या काडीनं उंची मापली. मोटार बी बैलगाडीसारखीच, मागून बसली तर उलाळ होते, पुढची चाकं हलकी पडतात आणि वळणावर फसवते. सगळं पाहिलं मी. खाली घुसलो, चाकं हलवली. फक्त मागची बैठक उचलून पाहिली नाही. तिच्यावर आबा बसायचे, मालकाच्या बैठकीले मी कसा हात लावू?

आठ दिवसांनी मोटार पुन्हा उजवीकडं बसली. आबा चार माणसं घेऊन भट्टीवर आले, छगन बी संगं. आबांचे डोळे मन्ह्या बायकोच्या हाताकडं. म्हणाले, तुन्ही बायकोना हातमा नवा इळा कथाईन उना? म्हणजे इळा आला कुठून, मी पाटा चोरून त्याचाच केला, असं त्यांचं म्हणणं.

तो मी झिजलेल्या कानशीचा केला व्हता, पण कोण ऐकतो? भट्टी बंद पडायची वेळ आली व्हती बघा. आणि मी घाबरलो. मी बोट दाखवलं छगनकडं. म्हटलं, आबा, मोटार आठ दिवस कोणाच्या हाती व्हती? पाटा यानंच बदलला.

आबांनी त्याले तिथंच कामावरून काढलं. छगननं मोटार चालू करायचं लोखंडी हँडल आबांच्या पायाशी ठेवलं आणि मले म्हणाला, भिका, चार दिवस तुझ्या घरी भाकर खाल्ली मी. मग रस्त्यानं चालत गेला.

मग मी कमान उघडली, चोरी दाखवायले. सातही पाटे, सातही ठिपके. तवा आबांसंगं आलेला त्यांचा सालदार सुकलाल, वर्षाच्या करारावरचा गडी, सहज बोलला, ते दगड मीच काढात ना आबा. मोटार कलायची म्हणून त्यानं ती मन्ह्याकडं येण्याआधीच बैठकीखाली डाव्या बाजूले दोन दगड ठेवले व्हते, आपण बैलगाडीत ठेवतो तसे. मी दगडांसकट तोल लावला, आणि मोटार नीट झाली म्हणून त्यानं दगड काढून टाकले.

चोर कोणीच नव्हता.

मी प्रकाशा गावाच्या रस्त्यानं बरंच लांब धावत गेलो. छगन दिसला नाही. आबांनी माणूस पाठवला, तो बी हात हलवत आला. मोटार मी पुन्हा बसवली, ह्या वेळी बैठक उचलून, आणि ती मग कधी कलली नाही. बायको मात्र कितीतरी दिवस मले भाकर वाढताना तोंडाकडं पाहायची नाही.

आता नजर गेली, भट्टी पुतण्या चालवतो. संशय काही गेला नाही, पण बोट दाखवत नाही मी कोणाकडं. सुरतेकडची मोटार दारात थांबली की विचारतो, डायवर जेवला का? इळा अजून शे घरात, पार झिजला. छगन जिथं असंल तिथं त्याले ताटात गरम भाकर मिळो, आणि खाऊ घालणारा मन्ह्यासारखा नसो.