भिंतीलगतची चौदा झाडं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे प्रमुख आदरणीय आबारावजी, खास जालन्याहून वेळ काढून आलेले प्रमुख अतिथी माननीय साहेब, व्यासपीठावरचे सर्व संचालक, घनसावंगीच्या आणि मंठ्याच्या वाचनालयांतून आलेले माझे ग्रंथपाल बंधू-भगिनी, समोर बसलेले वाचक, आणि ज्यांना उभं राहावं लागलंय त्या सगळ्या मुली, सर्वांना माझा नमस्कार.

तीस वर्षं आणि सात महिने मी इथं ग्रंथपाल म्हणून काढले. या काळात या सभागृहात जेवढे निरोप समारंभ झाले, त्या सगळ्यांचं सूत्रसंचालन मीच केलं. त्यामुळं सत्कारमूर्तीनं काय बोलायचं असतं हे मला पाठ आहे. पाच मिनिटं बोलायचं, एकदा डोळे पुसायचे, 'हे वाचनालय माझं दुसरं घर आहे' असं म्हणायचं आणि बसायचं. ते वाक्य मी आधीच म्हणून टाकते. हे वाचनालय माझं दुसरं घर आहे. पण मला आज दहा मिनिटं लागतील, अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडं बघू नये.

आबारावजी आत्ता माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. दैवशालाबाईंनी आवारात चौदा झाडं जगवली, एकही मरू दिलं नाही, असं ते म्हणाले आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. खरं आहे ते. पण अध्यक्ष महोदय, तुम्ही ज्या गोष्टीचं कौतुक केलंत, नेमकी तीच माझ्या मनाला लागून राहिलेली आहे.

नव्या लोकांना थोडं सांगते. ही इमारत निजामाच्या काळातली. आधी कचेरी होती, संस्थान विलीन झाल्यावर वाचनालय झालं. अडीच हात रुंदीच्या भिंती, दगड आणि चुना. समोरच्या पाच कमानी तर आपल्या तालुक्याच्या प्रत्येक पत्रिकेवर छापलेल्या असतात. लग्नाआधीचे फोटो काढायला पोरंपोरी येतात, त्यांना मी हाकलते, ते वेगळं. पूर्वेच्या अंगाला मोठी खोली आहे. तिथं मुलींची अभ्यासिका चालते. आज अडतीस मुली तिथं बसतात. पोलीस भरती, तलाठी, नर्सिंग, कोण कशाची तयारी करतं. काळी-पिवळी जीपनं खेड्यांतून येतात, डबा खातात, चारच्या जीपनं परत जातात.

या खोलीत एक लाकडी कपाट होतं. मी रुजू झाले तेव्हा त्याचं दार पावसाळ्यात लागायचं नाही आणि उन्हाळ्यात आपोआप उघडायचं. मला वाटलं, कपाट जुनं आहे. सुताराला दोनदा बोलावलं, त्यानं दोनदा दार तासलं. पुढं कपाट हलवलं तेव्हा त्याच्यामागं भिंतीला भेग दिसली, कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत. बिचाऱ्या दाराला उगाच तासून घेतलं.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. किती झाल्या, कुणी सांगेल? मी सांगते, सहा. पहिल्यांदा भेगेत सिमेंट भरलं आणि पिवळा रंग दिला. भेग परत आली. पुन्हा सिमेंट, या खेपेला गुलाबी रंग. एकदा चकचकीत फरशी बसली. एकदा छताला पांढरे चौकोन लागले. प्रत्येक दुरुस्तीची कोनशिला बसली आणि ती बसवायला त्याच भिंतीला छिद्रं पाडली. उद्घाटनाला नारळ फुटले, भाषणं झाली, 'ऐतिहासिक वारसा' हा शब्द तर मी इतक्यांदा ऐकला की आता कानात घंटा वाजल्यासारखं होतं. सहापैकी एकाही वेळी कुणी जमिनीखाली बघितलं नाही. एका तरुण अभियंत्यांना मी विचारलं, साहेब, पाया का नाही बघत? ते सज्जन होते. त्यांनी मला छापील अर्ज दाखवला. दुरुस्तीच्या अर्जात भिंत, छत, फरशी, रंग असे रकाने होते. पाया हा रकाना फक्त नव्या बांधकामाच्या अर्जात असतो. म्हणाले, बाई, मी कुठं लिहू?

पायाकडं बघितलं ते एका माणसानं, आणि तो फरशी बसवायला आला होता. कडूबा मिस्त्री. आज मागच्या रांगेत बसलेत, पुढं या म्हटलं तर येत नाहीत. फरशीचं काम चालू असताना एका दुपारी ते बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून तासभर नुसते बसले. मी म्हटलं, मिस्त्री, बरं वाटत नाही का? ते आत आले, माझ्याकडून फुटक्या खिडकीच्या काचेच्या चार पट्ट्या मागून घेतल्या आणि भेगेवर आडव्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकेल, एवढं साधं गणित. पहिल्या जोरदार पावसानंतर चारही काचा तडकल्या. तेव्हा ते जे बोलले, ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते.

"बाई, भिंत चांगलीय. खाली काळी माती हाय. उन्हाळ्यात हे झाडं तिच्यातलं पाणी वढून घेतेत, मंग ती आकसती. पावसाळ्यात देव पाणी घालतो, वरून तुम्ही घालून राह्यल्या, मंग ती फुगती. पाया वर-खाली होऊन राह्यला. तो दगड तरी किती दिवस सोसंल?"

झाडं. चौदा झाडं. ती कुठं आहेत, हे आज बाहेर जाताना नीट बघा. सगळी पूर्वेच्या भिंतीला लागून, कुणी दोन हातांवर, कुणी तीन. आवार एवढं मोठं आहे, पलीकडं कुंपणाला सगळी जागा मोकळी पडलीय. मग भिंतीलाच का? कारण जो पाहुणा येतो त्याच्या हस्ते वृक्षारोपण होतं आणि फोटोत मागं कमानी यायला पाहिजेत. कुंपणाशी झाड लावलं तर मागं सार्वजनिक मुतारी येते. एवढंच कारण आहे. एका पाहुण्यांनी तर वड लावला. मी म्हटलं, साहेब, वड? ते म्हणाले, दीर्घायुषी असतो.

प्रत्येक झाडाला लोखंडी जाळी, जाळीवर नाव. आणि पाणी कोण घालणार? मी. बारा वर्षं रोज सकाळी दोन-दोन बादल्या प्रत्येक झाडाला मी घातल्या. मीच, या हातांनी. कडूबा मिस्त्रींनी सांगितल्यावर बंद केलं. दीड महिन्यात मला नोटीस आली, वृक्षसंगोपनात हलगर्जीपणा केल्याची. झाडं दुसरीकडं हलवू द्या म्हणून अर्ज केला, तर मला विचारण्यात आलं, बाई, त्या जाळ्यांवर कुणाकुणाची नावं आहेत ती वाचली का? मी वाचली होती. मी नोकरदार बाई. परत पाणी घालायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, अर्ज करत राहायचे होते. केले. एकोणीस अर्ज केले. विसावा केला नाही, आणि त्याचं कारण आज पहिल्यांदाच सांगते. एकोणिसाव्या अर्जाचं उत्तर आलं की खोली धोकादायक वाटत असल्यास तिला तात्काळ टाळं लावावं. पाया दुरुस्त करावा, असं नाही. टाळं लावावं. ते पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलं आणि गप्प बसले. कारण टाळं लागलेली खोली आपल्याकडं परत उघडत नाही, हे मी पाहिलेलं आहे. आणि आपल्या या मुलींना दुसरीकडं कुठं जागा आहे? अभ्यासिकेतल्या आकांक्षाच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की बाई, तुमची खोली हाय म्हणून पाठवतो, खोली बंद झाली की शिक्षण बंद, मंग पाहुणे बघायला यायचे आहेतच.

तीच आकांक्षा गेल्या पावसाळ्यात पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "मॅडम, ही भिंत पडंल का?"

मी म्हटलं, "न्हाई पडत. तू वाच."

एका लेकराशी मी खोटं बोलले. त्या दिवसापासून मला धड जेवण गेलेलं नाही. एवढ्या वर्षांत मी एकच करत आले. दर वर्षी पावसाळ्याआधी मुलींची टेबलं भिंतीपासून एक वीत आत सरकवली. आठ वर्षांत आठ वीत. आता टेबलांची पाठ पलीकडच्या कपाटांना टेकली आहे. आणखी सरकवायला जागा उरलेली नाही. माझी नोकरी संपली आणि जागाही संपली, दोन्ही एकाच महिन्यात.

आता आजचा विषय. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी लिहिलंय, 'सत्कारमूर्तींच्या स्मरणार्थ', म्हणजे मी अजून जिवंत आहे, पण असू द्या, 'प्रमुख अतिथींच्या हस्ते वृक्षारोपण'. पंधरावं झाड. बकुळ आहे, मला फार आवडते. आमचे शिपाई सुग्रीव यांनी आज सकाळी त्यासाठी खड्डा खणला. कुठं, ते सांगायला नको. तीन फुटांवर त्यांची कुदळ पायाच्या दगडाला लागली आणि त्यांनी मला हाक मारली. मी खाली उतरले. दगडांच्या मधला चुना उरलेलाच नाही. ओल्या पिठासारखी माती आहे. मी दोन दगडांच्या फटीत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. साहेब, शंभर वर्षांची इमारत आणि बाईमाणसाचा हात कोपरापर्यंत गेला.

पाया दुरुस्त होतो. कडूबा मिस्त्री सांगतात, एका वेळी फक्त दोन हात उघडायचं, दगड बसवायचे, चुना भरायचा, तो वाळला की पुढचे दोन हात. घाई केली तर भिंत बसेल. आधी पाणी तोडायचं आणि झाडं हलवायची. त्याला फक्त सहीची हिंमत लागते, आणि छापील अर्जात रकाना नसेल तर पेनानं आखता येतो.

शेवटचं सांगते आणि बसते. आज सकाळी, नोकरीचे काही तास बाकी असताना, मी पूर्वेची खोली रिकामी केली. तुम्ही आत्ता ज्या खुर्च्यांवर बसला आहात त्या मुलींच्या खुर्च्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर त्या उचलू नका. उद्यापासून मुली इथं, या सभागृहात बसतील. आबारावजी, तुम्ही मघाशी माझ्या कानात म्हणालात की सभागृह दिलं तर मंडळाच्या सभा आणि सत्कार कुठं घ्यायचे. त्याचा मी विचार केलेला आहे. ही पूर्वेच्या खोलीची किल्ली. पाया दुरुस्त होईपर्यंत सभा तिथं घ्या. खुर्च्या भिंतीशी मांडा. ती खोली मुलींसाठी आठ वर्षं चालली, तुम्हालाही चालायला हरकत नाही.

आपण मला शाल दिली, श्रीफळ दिलं, तीस वर्षं भाकरी दिली. मी ऋणी आहे. मोठ्यांच्या देखत जास्त बोलले असेन तर घरची बाई चिडली असं समजून पोटात घाला. बकुळीचं रोप कुंपणापाशी लावावं, फोटोत मुतारी आली तरी चालेल.

आणि चहाची व्यवस्था सुग्रीव यांनी खड्ड्यापाशी केली आहे. आधी साहेब, मग अध्यक्ष, मग संचालक, एकेकानं खाली उतरावं, बाही वर करावी, हात घालून बघावा आणि मगच कप घ्यावा. फक्त भिंतीला टेकू नका.